एका बाजूचा अंडकोष नाहीये, लग्नाआधी इम्प्लांट बसवून घ्यावं का?

वारणाकाठ

नमस्कार. विषय अवघड आहे म्हणून नवीन आयडी काढून लिहितोय, चेष्टा करू नका एवढीच विनंती. वय २८, मूळचा कोल्हापूरकडचा, नोकरीला पुण्यात. दहावीत असताना एकदा रात्री झोपेतून उठलो तोच पोटात आणि उजव्या गोटीत भयंकर कळ, मग उलट्या. गावातल्या डॉक्टरांनी पोटाचं दुखणं समजून इंजेक्शन दिलं, सकाळपर्यंत बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी शहरात नेलं तेव्हा सोनोग्राफीत कळलं की अंडकोषाला पीळ पडलाय आणि रक्त पोचतच नाहीये. संध्याकाळी ऑपरेशन करून उजवा काढून टाकला. डावा आहे आणि चांगला आहे, म्हणजे मला तरी काही जाणवत नाही, दाढीमिशी, इच्छा, बाकी सगळं नॉर्मल.

त्रास वेगळाच आहे. त्या वेळी मी तालमीत जायचो. लंगोट बांधायचा तो सगळ्यांसमोर, आंघोळही सगळ्यांबरोबर उघड्यावर, ऑपरेशननंतर मी तालमीत पाऊल ठेवलं नाही आणि वडलांना आजही वाटतं की पोराचा नाद आपोआप गेला. हॉस्टेलला पण कायम शेवटी आंघोळ. आता घरचे स्थळं बघायला लागलेत आणि माझ्या डोक्यात दुसरा विषयच नाही.

नेटवर वाचलं की सिलिकॉनचं इम्प्लांट मिळतं, दिसायला खऱ्यासारखं. पण सगळी माहिती इंग्रजीत आणि तिकडच्या लोकांची. ज्यांनी आपल्याकडे बसवलंय त्यांनी सांगा, हाताला कसं लागतं, समोरच्याला कळतं का, दुखतं का, पुढे कधी बदलावं लागतं का. सिलिकॉनने कॅन्सर होतो असं एक मित्र म्हणाला (त्याला खरं कारण सांगितलं नाही, सहज विचारलं होतं). मेडिक्लेममध्ये बसतं का? आणि मुलीला आधी सांगायचं की इम्प्लांट बसवल्यावर सांगायची गरजच नाही? आईला सगळं माहीत आहे पण ती म्हणते कशाला उगाच शरीराला परत चिरफाड. तिच्याशी यावर जास्त बोलताही येत नाही.

अजिंक्यतारा_८९

भावा, आधी हे की इथे विचारलंस ते लई बरं केलंस, हा विषय कुणाशी बोलायचा तेच आपल्याकडे माणसाला कळत नाही.

माझं कारण वेगळं होतं. ३१ वर्षांचा असताना डाव्या बाजूला एक कडक गाठ लागली, दुखत अजिबात नव्हती म्हणून तर जास्त भीती वाटली. सोनोग्राफी, मग रक्ताच्या तपासण्या, एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच, आणि सर्जन म्हणाले की सुई घालून तुकडा काढून बघायचा नसतो, संशय पक्का असेल तर पूर्ण अंडकोषच काढतात आणि तोही जांघेतून, पिशवीला चीर न देता. रिपोर्टला सेमिनोमा आला, म्हणजे अंडकोषाच्या कॅन्सरचा एक प्रकार, पहिल्या स्टेजचा. आता फक्त फॉलोअप चालू आहे. हे यासाठी लिहितोय की कुणी गाठ घेऊन घरी बसलं असेल तर आज डॉक्टरकडे जा, हा कॅन्सर जास्त करून तरुणांनाच होतो आणि वेळेत सापडला तर जवळजवळ सगळे बरे होतात.

तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं की त्याच वेळी इम्प्लांट बसवायचंय का. मला तोवर असं काही असतं हेच माहीत नव्हतं. बायकोशी बोललो, ती म्हणाली तुला काय वाटतं ते कर, मला तू घरी आलास की झालं. मी हो म्हटलं. त्यांनी तीनचार साईझ आणून ठेवल्या होत्या आणि भूल दिल्यावर दुसऱ्या बाजूशी ताडून त्यातली एक बसवली.

आता तुझे प्रश्न. हाताला खऱ्यापेक्षा थोडं कडक लागतं. आकार बरोबर, पण मागच्या बाजूला नसांची जी मऊ गुंतवळ लागते ती नसते, गुळगुळीत लंबगोल. नुसतं बघून कुणालाही कळणार नाही. हात लावल्यावर, ज्याला माहीत आहे त्याला कळेल, ज्याला माहीत नाही त्यालाही बहुतेक काहीतरी वेगळं वाटेल. थंडीत गंमत होते, म्हणजे खरा अंडकोष वर ओढला जातो आणि हे जागेवरच राहतं. माझं थोडं वर बसलंय, आधीच्या खऱ्या डाव्याइतकं खाली येत नाही, पण कपड्यात आणि उघड्यावर दोन्हीकडे ठीक दिसतं. त्याला स्वतःची संवेदना नाही, पण पिशवीच्या कातडीची संवेदना तशीच आहे. सुरुवातीला खुर्चीत पाय क्रॉस करून बसताना जाणवायचं, आता दिवसेंदिवस आठवतही नाही. माझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं, की आंघोळ करताना रोज कॅन्सर आठवत नाही.

युरोलॉजी_नाशिक

मी युरोलॉजिस्ट आहे. नाव नको, पण असे पेशंट नेहमी बघतो म्हणून लिहितो. इम्प्लांटकडे येतोच, पण वारणाकाठ, त्याआधी तुला एक प्रश्न, कारण तुझी पूर्ण पोस्ट वाचून मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उजवा काढला तेव्हा त्याच ऑपरेशनमध्ये डावा टाके घालून जागेवर पक्का केला होता का?

कारण असं आहे. ज्यांना असा पीळ पडतो त्यांच्यात बऱ्याच वेळा अंडकोष पिशवीच्या आतल्या भिंतीला नीट चिकटलेला नसतो, घंटेच्या लोलकासारखा मोकळा लोंबत असतो, म्हणून स्वतःभोवती फिरतो. आणि ही ठेवण एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूलाही असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून पीळ पडलेला अंडकोष वाचो किंवा न वाचो, दुसरा त्याच वेळी टाके घालून बसवायचा हा नियम आहे. त्याला ऑर्किडोपेक्सी म्हणतात. डिस्चार्ज कार्ड किंवा ऑपरेशन नोट शोध आणि हा शब्द आहे का बघ. तुझ्याकडे आता एकच आहे, हार्मोनही त्याचंच, मूल होणंही त्याच्यावरच. ते आधी.

बाकी वाचणाऱ्यांसाठी पण सांगतो. दहा ते वीस वयाच्या मुलाला रात्री अचानक तिथे कळ आली, उलटी झाली, तर वाट बघायची नाही. साधारण ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो, १२ तासांनंतर शक्यता झपाट्याने घसरते, २४ तासांनंतर क्वचितच वाचतो. मुलं लाजेने नुसतं पोट दुखतंय एवढंच सांगतात, म्हणून पोटदुखी घेऊन आलेल्या मुलाची चड्डी उतरवून बघणं हे डॉक्टरचं काम आहे आणि आईवडलांनीही सरळ विचारायला पाहिजे.

आता इम्प्लांट. हे फक्त दिसण्यासाठी आणि मनासाठी असतं. ते शुक्राणू बनवत नाही, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवत नाही, ताकद वाढवत नाही. उलट एक निरोगी अंडकोष दोन्ही कामांना पुरतो, म्हणून एकच आहे म्हणजे काहीतरी कमी आहे असं समजून इम्प्लांट करायला कुणी येतो तेव्हा आम्ही आधी तपासण्या करायला लावतो. तूही लग्नाआधी दोन कर. वीर्यतपासणी, २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन न करता द्यायची असते (डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या आवृत्तीप्रमाणे एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात, पण एकाच रिपोर्टवर घाबरायचं नाही, कमी आला तर परत करायचा) आणि सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन. शिवाय डाव्याची सोनोग्राफी. हे रिपोर्ट हातात असले की लग्नाच्या बोलण्यातही तुला आधार होईल.

ही शस्त्रक्रिया काही नवी नाही. पहिलं इम्प्लांट १९४१ मध्ये बसवलं गेलं, व्हायटॅलियम नावाच्या मिश्रधातूचं. नंतर काच, प्लास्टिक असं काय काय करून बघितलं आणि शेवटी सिलिकॉनवर स्थिरावलं. अमेरिकेत १९९५ मध्ये सिलिकॉन जेल भरलेली इम्प्लांट बाजारातून गेली, त्यामागे मुख्य कारण स्तनांच्या इम्प्लांटवरून उठलेला वाद होता. २००२ मध्ये तिकडच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) सलाईन भरलेल्याला परवानगी दिली, म्हणून अमेरिकन साईटवर सलाईनचंच वाचायला मिळतं. युरोपात आणि आपल्याकडे सिलिकॉनचं वापरतात. अंडकोषाच्या सिलिकॉन इम्प्लांटने कॅन्सर होतो असा पुरावा नाही. युरोपियन युरोलॉजी असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की कॅन्सरमुळे अंडकोष काढायच्या प्रत्येक पेशंटला इम्प्लांटचा पर्याय विचारायला हवा. वरच्या सदस्याला त्याच्या डॉक्टरांनी विचारलं हे योग्यच केलं.

ऑपरेशन तासाभराच्या आतबाहेरचं असतं. तुझ्या केसमध्ये शक्यतो जांघेतून किंवा पिशवीच्या अगदी वरून लहान चीर देतात, म्हणजे जखम इम्प्लांटच्या बरोबर वर येत नाही. आतून बोटाने जागा करतात, इम्प्लांटला खाली टाका घालायची सोय असते, त्याने ते पिशवीच्या तळाशी अडकवतात म्हणजे वर सरकत नाही. काही आठवड्यांत शरीर त्याच्याभोवती पातळ आवरण तयार करतं. तुझं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झालीत, त्या बाजूची कातडी आकसलेली असणार, त्यामुळे डाव्याच्या बरोबरीचं न बसता एक साईझ लहान बसवावं लागू शकतं. यावर डॉक्टरशी आधीच स्पष्ट बोल. मोठं बसवण्याचा हट्ट धरू नको, कातडी ताणली गेली की तिथूनच इम्प्लांट बाहेर येण्याचा धोका वाढतो.

धोके म्हणशील तर रक्त साठणं, जंतुसंसर्ग, इम्प्लांट वर सरकणं, कातडीतून बाहेर येणं, दुखत राहणं. बहुसंख्य लोकांना यातलं काही होत नाही, पण होतं त्यांना कधीकधी काढावं लागतं. जंतुसंसर्ग झाला तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही हे लक्षात ठेव. शुगर असेल तर आधी ताब्यात आणायची, सिगारेट बंद. दर इतक्या वर्षांनी बदलायचंच असं काही नाही, त्रास नसेल तर तसंच राहू देतात. धातू नसतो, एमआरआयला किंवा विमानतळावर अडचण येत नाही.

विदर्भ_एक्सप्रेस

मी न बसवलेल्यांपैकी. माझा डावा कधी खाली उतरलाच नव्हता, लहानपणी कुणाचं लक्ष गेलं नाही, चोविसाव्या वर्षी दुसऱ्याच कशासाठी तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले पोटात आहे. या वयात तो खाली आणून उपयोग नाही आणि तिथे राहिला तर कॅन्सरची भीती जास्त, म्हणून दुर्बिणीतून काढून टाकला. इम्प्लांटचं विचारलं होतं, मी नको म्हणालो. कारण एकच, माझी ती बाजू जन्मापासून रिकामीच होती, मला ती तशीच माहीत. तुझं तसं नाही दादा, तुझं होतं आणि गेलं, त्यामुळे तुझी खंत मी समजू शकतो आणि माझ्यावरून तू ठरवू नकोस.

लग्न झालंय, मुलगी तीन वर्षांची आहे. बायकोला आधीच सांगितलं होतं. तिने दोन मिनिटं शांतपणे ऐकलं आणि विचारलं की मूल होईल ना, मी रिपोर्ट दाखवला.

आणि ज्यांच्या घरी लहान मुलगा आहे त्यांनी तेल लावताना, आंघोळ घालताना दोन्ही गोट्या पिशवीत लागतात का ते बघा. सहा महिन्यांपर्यंत उतरला नाही तर पुढे आपोआप उतरायची आशा कमी, दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हायला पाहिजे असं आता डॉक्टर सांगतात. आमच्याकडे अजून आज्ज्या म्हणतात की मोठा झाला की येईल खाली. नाही येत.

खडकवासला_मॉर्निंग

सगळं गोडगोड होऊ नये म्हणून माझाही अनुभव लिहितो, घाबरवायला नाही. माझं वय ४४, टीबीमुळे एक अंडकोष गेला होता, औषधांचा कोर्स पूर्ण झाल्यावर वर्षभराने इम्प्लांट बसवलं. मला शुगर आहे आणि त्या वेळी ती काही फार नियंत्रणात नव्हती, ज्या हॉस्पिटलमध्ये केलं तिथे त्याबद्दल कुणी फार खोलात विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात टाक्यांजवळ लाल झालं, मग पाणी यायला लागलं, मग ताप. फोन केला की ड्रेसिंग करत राहा असं सांगायचे. शेवटी दुसऱ्या सर्जनकडे गेलो, त्यांनी त्याच दिवशी ते काढून टाकलं आणि जखम भरेपर्यंत थांबायला सांगितलं. सहा महिन्यांनी, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) खाली आणल्यावर, त्यांनीच परत बसवलं आणि आता सगळं छान आहे.

परत का बसवलं असं माझ्या भावानेच विचारलं होतं, या वयात आता कोण बघतंय म्हणाला. मी बघतो ना. रोज. पुरुषाने या गोष्टीचं दुःख करायचं नाही असं का ठरलंय मला कळत नाही, बाईचा स्तन गेला तर निदान चार लोक हळहळतात, आमचं गेलं की लोक हसतात. मला ते हवं होतं म्हणून मी केलं आणि मला त्याचं समाधान आहे.

वारणाकाठ, सर्जनला सरळ विचार की तुम्ही आत्तापर्यंत किती बसवलीत आणि किती काढावी लागली. चांगला डॉक्टर चिडत नाही.

जिमवाला_लातूर

मध्येच विचारतो, माफ करा. मला दोन्ही आहेत पण गेल्या वर्षभरात लहान झाल्यासारखी वाटतात. वय २३. मोठं इम्प्लांट टाकून साईझ वाढवता येते का? इन्स्टावर तिकडचे लोक करतात असं दिसतं.

युरोलॉजी_नाशिक

जिमवाला, तुझा प्रश्न मी गंभीरपणे घेतोय. निरोगी अंडकोष असताना शेजारी किंवा त्याच्याभोवती इम्प्लांट बसवण्याचे प्रकार परदेशात खाजगीत चालतात, पण मी ते करणार नाही आणि तुलाही करू नको म्हणेन, कारण निरोगी अवयवाच्या रक्तपुरवठ्याशी खेळ होतो आणि मिळवायचं काय तर फक्त मोठं दिसणं.

महत्त्वाचं म्हणजे २३ व्या वर्षी लहान होतायत तर का होतायत ते बघायला पाहिजे. जिममध्ये कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्यात का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा तसलं स्टेरॉईड घेतलं की मेंदूकडून अंडकोषाला मिळणारा इशारा बंद होतो, अंडकोष काम थांबवतो आणि आकसतो, वीर्यातले शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर बऱ्याच जणांचं हळूहळू परत येतं पण महिने लागतात, आणि काहींचं पूर्ण येत नाही. घेत असशील तर तपासायला जा आणि डॉक्टरला खरं सांग, ओरडणार नाहीत. घेत नसशील तरी जा. आम्ही मण्यांच्या माळेशी ताडून आकार मोजतो, मोठ्या माणसात साधारण १५ ते २५ मिली असतो. खूपच लहान आणि कडक लागले तर क्लाइनफेल्टरसारखा जन्मजात प्रकार असू शकतो, एक एक्स क्रोमोसोम जादा असतो, तो रक्ताच्या तपासणीत कळतो. यातलं काही इम्प्लांटने सुटत नाही.

जिमवाला_लातूर

हो, स्टेरॉईडची सायकल (कोर्स) केली होती, ट्रेनरने दिलेली. उद्या अपॉइंटमेंट घेतो. थँक्यू डॉक्टर.

पॉलिसी_डेस्क

मेडिक्लेमचं मी सांगतो, क्लेमच्या कामात आहे. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, सगळ्या कंपन्यांना ठराविक अपवादांची भाषा ठरवून दिली आहे, त्यातला कोड एक्सक्लूजन ०८ म्हणजे कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी. तो वाचताना लोक पहिलं वाक्य बघून थांबतात. पुढे लिहिलेलं असतं की अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना, किंवा तब्येतीचा थेट आणि तातडीचा धोका दूर करायला आवश्यक उपचाराचा भाग असेल तर हा अपवाद लागू नाही, आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून द्यायला लागतं.

म्हणजे अजिंक्यतारा यांच्यासारखी केस असेल तर कॅन्सरनंतरची पुनर्रचना म्हणून दावा करायला जागा आहे, नाकारला तर लेखी कारण मागा, कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथे नाही झालं तर विमा लोकपालाकडे. वारणाकाठ, तुझं कारण पीळ पडण्याचं आहे, त्यामुळे नुसत्या इम्प्लांटचा क्लेम बहुतेक नाकारला जाईल असं धरून पैशाची सोय कर. पण डाव्याला टाके घालायचं ऑपरेशन कॉस्मेटिक नाही, त्याचा खर्च वेगळा दाखवता येईल का हे हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला (विम्याचं काम बघणाऱ्या खिडकीला) आधी विचार आणि प्रीऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीचा अर्ज, टाक. इम्प्लांटची किंमत आणि ऑपरेशनचा खर्च अंदाजपत्रकात वेगवेगळा लिहून घे, पुढे फार उपयोग होतो. आणि इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, साईझ, लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते फाईलला लावून घे.

चाफा_आणि_पारिजात

मी बाई आहे, इथे लिहावं की नको असं झालं होतं, पण शेवटचा प्रश्न मुलींबद्दल आहे म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याला इम्प्लांट आहे, लग्नाच्या आधीपासून. पत्रिका वगैरे झाल्यावर आम्ही दोघं बाहेर भेटलो तेव्हा त्याने स्वतःच सांगितलं, आईवडलांसमोर नाही, मला एकटीला. कशामुळे झालं, आता काय आहे, मूल होण्याला अडचण नाही, एवढं सरळ. मला त्या वेळी धक्का बसला नाही असं नाही, मी एक दिवस मागितला आणि एका डॉक्टर मैत्रिणीला फोन केला. पण खरं सांगते, हा माणूस माझ्यापासून काही लपवणार नाही हे मला त्या दिवशी कळलं आणि होकार त्याच्यामुळेच दिला.

दादा, तुम्ही इम्प्लांट बसवलं म्हणून सांगायची गरज नाही असं अजिबात समजू नका. वर लिहिलंय तसं हाताला फरक कळतो, आणि लग्नानंतर कळलं तर तिला इम्प्लांटचं नाही, लपवल्याचं वाईट वाटेल. सगळ्या नात्यागोत्यात सांगायची मात्र काहीच गरज नाही, मामा, मध्यस्थ, कुणालाच नाही. साखरपुड्याच्या आधी फक्त तिला. आणि इम्प्लांट तिच्यासाठी करू नका. मला विचाराल तर असलं काय, नसलं काय, मला सारखंच होतं. माझा नवरा म्हणतो की त्याला स्विमिंगला जाता येतं, बिनधास्त कपडे बदलता येतात, तो त्याच्यासाठी आनंद आहे. तुमच्या तालमीचं वाचून मी त्याला ती पोस्ट दाखवली, त्याला फार वाईट वाटलं.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

युरोलॉजी नाशिक सर, तुमचं वाचून लगेच आईला फोन केला, तिने कपाटातून फाईल काढून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. कार्डावर फक्त राईट ऑर्किडेक्टमी, म्हणजे उजवा काढला एवढंच, लिहिलंय. डाव्याबद्दल एक शब्द नाही. कधीकधी डाव्या बाजूला पण सकाळी बारीक कळ येऊन जाते, आपोआप जाते म्हणून मी कधी कुणाला सांगितलं नाही. ही पिळाची असू शकते का? सोनोग्राफीत टाके आहेत की नाहीत ते दिसेल का?

युरोलॉजी_नाशिक

असू शकते. पीळ पडून आपोआप सुटणं असा प्रकार होतो, आणि येऊन जाणारी कळ ही त्याची खूण असू शकते. म्हणून आता स्थळं, इम्प्लांट, सगळं बाजूला ठेव आणि या आठवड्यात युरोलॉजिस्टला दाखव, हे फोटो बरोबर घेऊन जा. सोनोग्राफीत रक्तपुरवठा आणि आकार दिसेल, पण जुने टाके आहेत की नाहीत हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. नोंद नाही आणि कळ येते, एवढ्यावर मी तरी डावा बसवून घ्यायलाच सांगेन. ऑपरेशन करणाऱ्या हॉस्पिटलला जुनी ऑपरेशन नोट मागून बघ, मिळाली तर उत्तम, पण त्यासाठी थांबून राहू नको. आणि मधल्या काळात कळ आली आणि अर्ध्यापाऊण तासात गेली नाही तर थेट इमर्जन्सीला जायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी, आणि तिथे पहिलं वाक्य हेच बोलायचं की मला एकच अंडकोष आहे आणि दुसरा पीळ पडून गेलाय.

इम्प्लांट त्याच भुलेत बसवता येतं बहुतेक वेळा. पण सर्जन म्हणाले की आधी डावा, इम्प्लांट नंतर, तर ऐक त्यांचं.

वारणाकाठ

सर, शुक्रवारची अपॉइंटमेंट मिळाली पुण्यात. ऑफिसमध्ये हर्नियासारखं लहान ऑपरेशन आहे एवढंच सांगणार आहे. वडलांना मात्र सगळं सांगायचं ठरवलंय, तालीम का सोडली ते पण.

एक विचारायचं राहिलं, नंतर किती दिवस सुट्टी टाकू? मी रोज बाईकने जातो, आणि परत व्यायाम कधी सुरू करता येईल?

युरोलॉजी_नाशिक

बसून काम आहे तर आठवडा ते दहा दिवस धर. पहिले काही आठवडे घट्ट सपोर्टर घालायचा, बाईक साधारण तीन आठवडे बंद, कॅब किंवा कुणाच्या तरी गाडीने जा, आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर त्या जखमेला चालत नाहीत. जड उचलणं, संबंध, सायकल दीड महिना नाही. डावा बसवून भरून आला आणि सर्जनने तपासून हो म्हटलं की व्यायाम, पोहणं, सगळं चालू कर. कुस्तीसाठी मात्र कडक गार्ड घालून, कारण एकच आहे.